इंदूरची खतपद्धति

सेंद्रिय शेतीची चर्चा निघाली कीं सर आल्बर्ट हॉवर्ड यांचें नांव हटकून येतें. परंतु ज्या ग्रंथानें इंदूरची खतपद्धति १९३१ सालीं जगापुढें मांडली, त्यावर त्यांच्या नांवाशेजारीं त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेंहि नांव आहे, याचें स्मरण फारच थोड्यांस असतें.

हॉवर्ड १९०५ सालीं हिंदुस्थानांत आले व बरींच वर्षें पुसा येथें राहिले. १९२४ सालीं इंदुरास वनस्पतिसंशोधनाची संस्था निघाली. होळकर दरबारानें तीस जमीन दिली. भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा, कापसाचा. प्रश्न मात्र जुनाच होता: सरपण नाहीं म्हणून शेण गोवऱ्यांत जातें व शेत उपाशी राहतें. गोवऱ्या लावूं नका, असें शेतकऱ्यास सांगणें सोपें आहे. पण मग भाकरी कशावर भाजावी, हेंहि सांगणाऱ्यानेंच सांगावयास नको काय? इंदूरच्या मंडळींनीं असला उपदेश केला नाहीं. शेण त्यांनीं विरजणापुरतें घेतलें आणि सारा भर टाकाऊ मालावर दिला: पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट, तण, पालापाचोळा. पऱ्हाटी चिवट, लवकर कुजत नाहीं. म्हणून ती शेतांतील रस्त्यावर पसरून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखालीं चिरडून घेत. मग गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती, राख व पाणी घालून उथळ खड्ड्यांत थर रचीत, आणि तीन वेळां वरखालीं करीत. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येई.

अशीच विद्या चिनी शेतकऱ्यांपाशीं पूर्वापार होती, व हॉवर्ड यांनीं तिचें ऋण मानलें आहे; तेव्हां सारें श्रेय आपल्या मुलखाकडे ओढण्याचा मोह आपण आवरावा हें बरें.

वरखालीं करण्यांतच या पद्धतीचें मर्म आहे. हवा खेळती असली कीं जंतु व बुरशी जोमानें काम करतात आणि रास चांगली तापते. हवा कोंडली म्हणजे तोच माल सडतो व मिथेन वायु सुटतो. पृथ्वीची उष्णता वाढविणाऱ्या वायूंत याची गणना होते. शहरांबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरांतून निघतो व मधूनमधून पेटतो तोहि हाच.

हॉवर्ड १९३१ सालीं स्वदेशीं परतले. केनियांतील कॉफीच्या व सिलोनांतील चहाच्या मळेवाल्यांनीं ही पद्धति उचलली. त्यांच्यापाशीं मजूर होते. तीस मजुरी व पाणी हीं दोन्ही पुष्कळ लागतात, आणि ज्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठीं ती निघाली, त्याच्यापाशीं उन्हाळ्यांत बैलांना पाजण्यापुरतेंहि पाणी पुष्कळदां नसतें.