लूव्रच्या जिन्यात कोपरं सांभाळा

कोपरं आत घ्या, खिशावर हात ठेवा आणि चढायला लागा. जपून. पॅरिसचा काळा, चिकट चिखल लोकांच्या बुटांना लागून वरपर्यंत आलाय आणि दगडी पायऱ्या निसरड्या झाल्यात. साल १७६५, सप्टेंबर महिना, आणि हा लूव्रचा जिना. राजवाडा म्हणायचा खरा, पण राजा राहतो व्हर्सायला. इथं राहतात चित्रकार आणि शिल्पकार, आपापल्या बायकापोरांसकट. जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी उरकून गेलेलं दिसतंय. नाक दाबू नका, दोन्ही हात लागणार आहेत.

पुढच्या बाईच्या घागऱ्याचा घेर जिन्याएवढा आहे. मागून एक कारकून तुमच्या पाठीवर श्वास सोडतोय. दुपारी त्यानं लसूण खाल्लाय. शेजारच्या सरदारसाहेबांच्या केसांच्या टोपावरची पांढरी पिठी घामानं भिजून कानामागं ओघळतेय. पिठी म्हणजे निव्वळ स्टार्च, आणि ती चिकटून राहावी म्हणून खाली चोपडलेली सुगंधी चरबी. गर्मीत तो सुगंध आधी उडून जातो, चरबी मागं राहते. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला घडलेली तुमची कोपरं आता कामाला येतील. वर राजाच्या अकादमीचं चित्रप्रदर्शन भरलंय. प्रवेश फुकट आहे, म्हणून तर स्वयंपाकीणबाई आणि सरदार एकाच पायरीवर आलेत. एरवी या शहरात असं होत नाही.

जिना संपतो तो थेट दालनाच्या जमिनीत. विहिरीतून डोकं वर काढावं तसे तुम्ही उगवता, आणि पहिल्यांदा कानच भरतात. शेकडो माणसं एकदम बोलतायत. मग मान वर जाते. हिरव्या कापडानं मढवलेल्या भिंती, आणि त्यावर चौकटीला चौकट लावून टांगलेली चित्रं, कंबरेएवढ्या उंचीपासून पार छतापर्यंत. मध्ये बोटभर जागा नाही. सर्वात वर राक्षसी आकाराचे देवदेवता आणि लढाया, मध्ये माणसांचे चेहरे, खाली फळं, भांडी, छोटी छोटी दृश्यं. व्हार्निशचा वास घशाशी येतो. पाच मिनिटांत मान दुखायला लागते.

चित्रांखाली नावं शोधू नका. नुसते आकडे आहेत. दाराशी मिळणारी पुस्तिका विकत घ्यायची, आकडा जुळवायचा आणि मग कळतं की हे कोण आणि काय. ज्यांच्याकडे पुस्तिका नाही ते शेजारच्याच्या पुस्तिकेत डोकावतात. ज्यांना वाचता येत नाही ते सरळ मत देतात. आणि मत प्रत्येकाला आहे! राजाच्या अकादमीच्या सभासदांनी दोन वर्षं राबून केलेलं काम, आणि हा लसूणवाला कारकून म्हणतोय की घोड्याचा पाय चुकला. (पाय चुकलाय खरा.)

चित्रकारांना हे तसं नवंच आहे. पूर्वी त्यांचं काम दरबारानं, चर्चनं, नाहीतर एखाद्या सावकारानं बघायचं. आवडलं तर पैसे, नाही तर रामराम. आता गल्लीतला माणूस बघतो, आणि वर कुणीतरी आपलं मत छापतो. १७४७ मध्ये ला फाँ द सेंत-येन नावाच्या गृहस्थांनी आदल्या वर्षीच्या प्रदर्शनावर पुस्तिका काढली, तीही स्वतःचं नाव न घालता. चित्रकार असे खवळले की बस्स. नाव फुटायला वेळ लागला नाही, आणि ला फाँ साहेब व्यंगचित्रात उतरले, काठी आणि कुत्रा घेतलेले आंधळे म्हणून. समीक्षकाला आंधळा म्हणायची प्रथा तेव्हाचीच. अजून कुणी मोडलेली नाही.

थोडं डावीकडं सरका. तो साधासा म्हातारा दिसतोय ना, टांगलेल्या चित्रांकडं सुताराच्या नजरेनं बघणारा, ते शार्दँ. वय पासष्ट. कुठलं चित्र कुठं टांगायचं ते हेच ठरवतात, आणि त्यात थोडा खोडसाळपणाही करतात. एखाद्या फुशारकी मारणाऱ्या चित्राशेजारी मुकाट चांगलं चित्र लावायचं. पुढचं काम चित्रंच करतात. त्यांचं स्वतःचं काम बघायचं तर वाका. ती द्राक्षांची टोपली. नाक कॅनव्हासला लागेल इतके जवळ जा. काय दिसतं? रंगाचे थर, एकावर एक, खरबरीत, कुठं करडा, कुठं उगाच निळसर. द्राक्ष कुठंच नाही. आता मागं या, त्या बाईच्या पायावर पाय न देता. तीन पावलं पुरेत. द्राक्षं परत आली, सालीवरच्या पांढुरक्या धुरकटीसकट. पुन्हा पुढं जाऊन बघावंसं वाटतंय ना? जा.

शार्दँ समीक्षकांना काय सांगायचे, ते याच वर्षीच्या लेखनात टिपलेलं आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं: बाबांनो, जरा हळू घ्या. इथलं सर्वात वाईट चित्र शोधा, आणि मग लक्षात घ्या की याच्याएवढंही जमेना म्हणून दोन हजार अभाग्यांनी दातांनी कुंचले मोडलेत. सातव्या-आठव्या वर्षी हातात खडू येतो. मग नमुन्यावरून डोळे, तोंडं, नाकं, कान. मग हात, पाय. वर्षानुवर्षं पाठ वाकवून हे गिरवायचं, मग पुतळे, मग जिवंत माणूस. इतकं करूनही विशीत कळतं की आपल्यात ते नाही. कुणी सैन्यात जातो, कुणी नाटकात. हे ऐकल्यावर घोड्याच्या पायाबद्दल बोलायला जीभ जरा कचरते.

हे ज्यांनी टिपलं ते बघा, त्या गर्दीत हातवारे करतायत. तेच दिदेरो. लांग्र गावच्या सुरी-कात्र्या करणाऱ्याचा मुलगा, विश्वकोशाचे संपादक. फार जवळ जाऊ नका. बोलण्याच्या भरात समोरच्याचा हात, मांडी, जे सापडेल ते धरतात. पुढं रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीननं म्हणे मध्ये टेबल ठेवून घेतलं, मांड्या काळ्यानिळ्या झाल्या म्हणून.

दिदेरो उभे आहेत एका लंबगोल, छोट्या चित्रापुढं. ग्रोझचं चित्र. एक मुलगी, पुढं पिंजरा, त्यावर मेलेला पक्षी. बायका डोळे टिपतायत. दिदेरो घरी जाऊन या मुलीशी चक्क बोलणार आहेत, कागदावर. तिला चुचकारणार, खोदून विचारणार, आणि हळूच सुचवणार की एवढं रडू काही पक्ष्यासाठी नसतं गं पोरी.

आता यातली गंमत ऐका. तुमच्या भोवतीच्या या घामट गर्दीतल्या कुणालाही ते वाचायला मिळणार नाही. दिदेरोंचा मित्र ग्रिम एक वार्तापत्र चालवतो. छापील नाही, हातानं उतरवलेलं. वर्गणीदार मोजके, आणि जवळजवळ सगळे युरोपातले राजेराण्या नाहीतर त्यांचे नातलग. छापत नाहीत म्हणून सेन्सॉरची कात्री नाही. बुशेसारख्या राजाच्या लाडक्या चित्रकाराला दिदेरो मनसोक्त झोडपतात ते त्यामुळंच. या प्रदर्शनावरचा त्यांचा लेख पॅरिसमध्ये छापून आला १७९५ मध्ये. तोवर लिहिणाऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

पण सेन्सॉरपेक्षा मला दुसरीच अडचण मोठी वाटते. सेंट पीटर्सबर्गला बसलेल्या वाचकापुढं चित्र नाहीच. फोटो नाही. ‘रंगसंगती उत्तम’ असं लिहून भागत नाही. आधी चित्र उभं करावं लागतं, मग त्यावर बोलायचं. म्हणून हा माणूस रोज जिना चढून येतो, चित्रकारांना गाठतो, शार्दँच्या मागं लागून तंत्र शिकतो, आणि नाना युक्त्या करतो. त्या भिंतीवरचं फ्रागोनारचं चार मीटर रुंद चित्र बघा: देवळात पुजारी स्वतःच्याच छातीत सुरा खुपसतोय. दिदेरो लिहितात की मला हे बघायलाच मिळालं नाही, पण रात्री एक स्वप्न पडलं. मग ते स्वप्न सांगत सुटतात, आणि शेवटी ग्रिम म्हणतो, अहो, हेच तर ते चित्र. दोन वर्षांनी तर कमालच केली. डोंगरदऱ्यांतल्या भटकंतीचं लांबलचक वर्णन, वाटाड्या बरोबर, झऱ्याचं पाणी, गप्पा. आणि वाचता वाचता कळतं की गृहस्थ लूव्रमधून हललेच नाहीत, व्हेर्नेच्या निसर्गचित्रांत फिरतायत. तुमचा हात धरून मी जे चालवलंय ते त्यांच्याच उष्ट्यावर, हे कबूल केलेलं बरं.

चला, उजेड उतरतोय. पुन्हा त्या विहिरीत उतरायचं, पुन्हा तोच लसूण. बाहेर वाड्याला चिकटून उभ्या असलेल्या टपऱ्या, घोड्यांची लीद, आणि सेन नदीवरून येणारा गार, ओला वारा. घाम सुकतो. पुलावर थांबा जरा, श्वास घ्या. हातातली पुस्तिका चुरगळलीय. बरीच चित्रं बघितलीत.

मग सांगा. ती रडणारी मुलगी. तिनं डोकं कुठल्या हातावर टेकलंय, डाव्या की उजव्या? पिंजऱ्यावरच्या पक्ष्याचे पाय खाली लोंबतायत की वर?

तसे बघू नका माझ्याकडं. ग्रिमचा नकलनवीस लेखणी बुडवून वाट बघतोय. दालन अजून बंद झालेलं नाही. कोपरं आत घ्या.