चाऱ्यातील खनिजे व ऋतुमान

वैरणीतील फॉस्फरस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आदी खनिजांच्या प्रमाणात हंगामानुसार होणारा बदल. जमीन तीच, गवत तेच. तरी आषाढातल्या आणि वैशाखातल्या भाऱ्यातून जनावराच्या पदरात सारखे काही पडत नाही.

सर्वांत ठळक घसरण फॉस्फरसची. दख्खनच्या माळावर पहिल्या पावसाने पवना, मारवेल फुटतात, तेव्हा कोवळ्या पाल्यात शुष्क भाराच्या साधारण ०.२ ते ०.३ टक्के फॉस्फरस असतो. गवत निसवले की पाला कमी, काडी जास्त होते. फॉस्फरस बियांत आणि मुळांत उतरतो, बी गळून जाते. उन्हाळ्यातल्या उभ्या वाळक्या गवतात तो अनेकदा ०.१ टक्क्याच्याही खाली असतो. ज्वारीच्या कडब्याचे तेच: फॉस्फरसचा मोठा वाटा कणसाबरोबर खळ्यावर जातो. कॅल्शियम पानात घट्ट बसते, म्हणून इतके उतरत नाही. पोटॅशियम मात्र पाण्यात सहज विरघळते. कापून पसरलेले गवत अवकाळी पावसात भिजले की ते धुऊन जाते.

फॉस्फरसच्या टंचाईची गाजलेली कहाणी दक्षिण आफ्रिकेतली आहे. फ्रायबर्गजवळच्या आर्मुट्सफ्लाक्टे येथे १९२० च्या सुमारास अर्नोल्ड थायलर यांनी माळावर हाडे चघळणाऱ्या गुरांचा अभ्यास केला. फॉस्फरसच्या भुकेने गुरे मेलेल्या जनावरांची हाडे तोंडात धरत आणि त्यांतल्या बोट्युलिझमच्या विषाने लुळी पडून मरत. हाडांचा चुरा खाऊ घालताच ही खोड सुटली.

हिरवाईही निर्धोक नसते. थंड हवामानात वसंतातल्या लुसलुशीत गवतात पोटॅशियम आणि नत्र भरपूर असते. पोटॅशियम पोटात मॅग्नेशियमचे शोषण अडवते. दुभती गाय थरथरते, लडखडते आणि आचके देत कोसळते. काही तासांत जीवही जातो. रक्तातल्या मॅग्नेशियमशी या रोगाचा संबंध नेदरलँड्समध्ये १९३० च्या आसपास उलगडला.

उन्हाळ्यात चारा निकस, म्हणून खनिज मिश्रण तेव्हाच द्यावे, हा हिशोब दिसतो सरळ, पण फॉस्फरसच्या बाबतीत तो फसतो. वाळक्या चाऱ्यात प्रथिनेही नसतात. वाढच खुंटलेल्या जनावराला नुसत्या फॉस्फरसचा उपयोग थोडा. उत्तर ऑस्ट्रेलियातील फॉस्फरस कमी असलेल्या कुरणांवर म्हणूनच तो मुख्यतः पावसाळ्यात, गुरे अंग धरत असताना, देण्याची शिफारस केली जाते.