पिकअप घेताना गाडीतून आवाज येतो? बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

सिग्नल सुटतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि गाडीतून कधी न ऐकलेला आवाज येतो. पाय काढला की आवाज बंद. गॅरेजमध्ये नेली तर तो येतच नाही. मग 'बेअरिंग असेल', 'गिअरबॉक्सचं काम निघेल' असे अंदाज सुरू होतात आणि त्या अंदाजावर पार्ट बदलले जातात. बिल होतं, पण आवाज तसाच राहतो.

हे टाळायचं असेल तर आवाज कसा आहे यापेक्षा तो कशासोबत वाढतो, हे आधी पाहायला हवं. खडखड सैल पत्र्याचीही असू शकते आणि इंजिनच्या आतलीही. पण पिकअप घेताना तीन गोष्टी एकाच वेळी वाढतात: इंजिनचे फेरे म्हणजे आरपीएम, चाकांचा वेग आणि इंजिनवरचा लोड. आवाज यातल्या कोणत्या गोष्टीला चिकटून आहे ते कळलं की निम्मा शोध संपतो.

आधी या तीन चाचण्या करा

१. गाडी उभी ठेवून रेस द्या. मोकळ्या जागेत हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हळूहळू रेस द्या. आवाज आला तर तो इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सरच्या बाजूचा आहे. चाकं फिरतच नाहीयेत, त्यामुळे टायर, व्हील बेअरिंग आणि एक्सल यादीतून बाद होतात. बंद गॅरेजमध्ये ही चाचणी करू नका, तिथे धूर साचतो.

२. वेग तोच ठेवा, गिअर बदला. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चौथ्या गिअरमध्ये चला आणि वेग न बदलता तिसरा टाका. इंजिनचे फेरे वाढतील, चाकांचे तेवढेच राहतील. आवाजही चढला तर संशय इंजिनवर. आवाज होता तसाच राहिला तर चाकांकडे पाहा.

३. पाय उचला. गाडी गिअरमध्येच असू द्या आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. वेग आणि आरपीएम कमी व्हायच्या आधीच आवाज तुटला, तर तो लोडचा आवाज आहे.

या चाचण्या करताना एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने ऐकावं. घाटात उतारावर न्यूट्रल करून आवाज ऐकण्याचा प्रयोग अजिबात करू नका. इंजिनचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

कोणता आवाज काय सांगतो?

डब्यात छर्रे हलवल्यासारखी किणकिण: चढावर, वरच्या गिअरमध्ये, गाडी भरलेली असताना हा आवाज येत असेल तर ते बहुधा नॉकिंग आहे. पेट्रोल इंजिनमध्ये स्पार्कने पेटलेली ज्योत सिलेंडरमध्ये क्रमाने पसरायला हवी. ती पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, की हा आवाज होतो. आधी खालचा गिअर टाकून पाहा. आवाज थांबला तर गिअर चुकीचा होता. तरीही येत राहिला तर इंजिन जास्त गरम होतंय का, आत कार्बन साचलाय का, प्लग योग्य आहेत का आणि पेट्रोल भेसळीचं आहे का, हे तपासावं लागतं. नॉकिंग दीर्घकाळ चाललं तर पिस्टनचं नुकसान होतं. डिझेल इंजिनचा खडखडाट मात्र मुळातच जास्त असतो. तिथे नेहमीच्या आवाजात फरक पडला का, एवढंच पाहायचं.

या एका आवाजाला मोठा इतिहास आहे. नॉकिंग थांबवण्यासाठी १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळण्याची युक्ती शोधली. आवाज थांबला, पण विषारी शिसं पुढची अनेक दशकं जगभरच्या हवेत गेलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, तर गाड्यांसाठी ते वापरणारा शेवटचा देश अल्जेरिया २०२१ मध्ये थांबला.

मग इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे नॉकिंग वाढतं का? इथेनॉलचा ऑक्टेन नंबर पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे ते नॉकिंगला उलट विरोध करतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील यांवर त्याचा होणारा परिणाम हा वेगळा प्रश्न आहे.

चिर्र अशी किंचाळी: सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना किंवा पावसात भिजल्यावर रेस दिली की येते. बहुतेक वेळा फॅन बेल्ट सैल किंवा जुना झालेला असतो. काम सहसा छोटं असतं, पण लांबवू नका. अनेक गाड्यांमध्ये अल्टरनेटर आणि वॉटर पंप याच बेल्टवर चालतात. तो तुटला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिन तापतं.

फटफट किंवा फसफस: इंजिन थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होत असेल, तर इंजिनजवळ सायलेन्सरच्या जोडावर गळती असण्याची शक्यता मोठी. धातू तापून फुगतो आणि फट काही प्रमाणात बुजते, म्हणून आवाज कमी होतो. याला किरकोळ समजू नका. या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

ठराविक आरपीएमला पत्र्याची खडखड: सायलेन्सरच्या उष्णतेपासून इतर भागांना वाचवणारा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, गंजून सैल होतो. स्वस्तात मिटणारी तक्रार, पण ऐकायला भयंकर वाटते.

उचलताना धप्प किंवा ठक्क: क्लच सोडताना, गिअर टाकताना किंवा एकदम पिकअप घेताना एकच दणका बसत असेल, तर इंजिन माउंटिंग तपासायला सांगा. इंजिनाला धरून ठेवणारं रबर फाटलं की लोड येताच इंजिन जागेवर उसळतं.

वळताना कटकट: मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पिकअप घ्या. कटकट वाढली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजलाय. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल. रबरी बूट फाटल्यावर लगेच बदलला तर जॉइंट वाचू शकतो. फाटक्या बुटातून धूळ-पाणी शिरलं की अख्खा जॉइंट जातो.

वेगासोबत वाढणारी घरघर: ही टायरची किंवा व्हील बेअरिंगची. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. हलकं उजवीकडे वळल्यावर वाढला तर डाव्या बाजूचं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

शिट्टी आणि ओढ कमी: टर्बो गाडीत पिकअप घेताना नवी शिट्टी, काळा धूर आणि ताकद कमी झाली असेल, तर हवेचा पाइप फाटलाय का हे आधी पाहा. टर्बो बदलण्याची गोष्ट त्यानंतरची.

इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही: मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट घसरत असेल. जळका वास ही तिची खूण. सीव्हीटी ऑटोमॅटिकमध्ये मात्र जोरात पिकअप घेताना आधी इंजिनचा आवाज चढणं आणि मग वेग येणं, ही त्या गिअरबॉक्सची नेहमीची पद्धत आहे.

कधी गाडी पुढे नेऊच नये?

- इंजिनच्या खालच्या भागातून जड ठकठक येतेय किंवा ऑइलचा लाल दिवा लागला: गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ऑइलशिवाय थोडं अंतर चालवूनही इंजिन जाम होऊ शकतं.
- टेम्परेचर काटा वर गेला: थांबा, पण गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
- केबिनमध्ये धुराचा वास येतोय किंवा प्रवाशांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ होतेय: काचा उघडा, थांबा, सगळे बाहेर या.
- चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय आणि गाडी मिसिंग मारतेय: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग जळू शकतो.
- चाकाकडून घरघरीसोबत स्टिअरिंगही थरथरतंय: टोइंग मागवा.

मेकॅनिकला काय सांगायचं?

'आवाज येतो' एवढं पुरेसं नाही. इंजिन थंड होतं की गरम, कोणता गिअर, किती वेग, किती आरपीएम, सरळ रस्ता की वळण, पाय उचलल्यावर काय झालं, एवढं लिहून न्या. शेजारी बसलेल्याला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा. त्यात स्पीडोमीटर आणि आरपीएमचा काटा दिसला पाहिजे. गाडी ठेवून निघून येण्याऐवजी मेकॅनिकला सोबत घेऊन ट्रायल मारा आणि आवाज त्याला प्रत्यक्ष ऐकवा.

आणि स्कॅनर लावून 'काहीच एरर नाही' असं उत्तर मिळालं, तर तिथे थांबू नका. स्कॅनर सेन्सरच्या कक्षेतलंच सांगतो. झिजलेलं बेअरिंग, फाटलेलं माउंटिंग किंवा सैल पत्रा यांचा कोड सहसा येत नाही. त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून हाताने हलवून पाहावी लागते. पार्ट बदलायचा ठरलाच, तर 'हाच पार्ट कशावरून?' हे विचारा, आणि काढलेला जुना पार्ट दाखवायला सांगा.