करंगळी वर केल्यानंतर

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही खूण समजावून सांगावी लागत नाही. वर्गात करंगळी वर झाली की गुरुजींनी मान हलवायची आणि मुलाने पळायचे. कर्नाटकातल्या भालकी-औरादकडच्या मराठी शाळेतले मूल असो की कलबुर्गीच्या कन्नड शाळेतले, ही खूण सगळ्यांना कळते. तिला भाषा लागत नाही आणि व्याकरणातले लिंगही नाही. व्हरांड्याच्या टोकाला मात्र दोन दारे येतात, ‘मुले’ आणि ‘मुली’. बहुतेक मुलांना ती दोन आहेत हे जाणवतसुद्धा नाही. एखादे मूल तिथे थबकते, घंटा होईपर्यंत नळापाशी उभे राहते आणि तसेच वर्गात परत येते. दुसऱ्या दिवसापासून ते घरून निघताना पाणी पिणे सोडते. त्या थबकण्याचा अभ्यास करणाऱ्या क्षेत्राची ही प्रस्तावना आहे.

‘शौचालयाचा कसला अभ्यास?’ असे म्हणून हसणारे भेटतील. त्यांना सांगावे की वास्तुरचनाकार अलेक्झांडर कायरा यांचा ‘द बाथरूम’ हा ग्रंथ 1966 साली आला, आणि तेव्हापासून या विषयाने वास्तुशास्त्र, आरोग्य, कायदा, समाजशास्त्र अशा अनेक विद्याशाखांत बैठक मांडली आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या 2011 च्या पुस्तकाने मुंबईतल्या स्त्रियांचा शहरावरचा हक्क तपासला, तेव्हा स्वच्छतागृहाचा प्रश्न टाळता आला नाही. त्याच वर्षी मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) माणसांपुरते बोलायचे तर जोडी हर्मन यांनी वॉशिंग्टन शहरात केलेली पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली. माणसे अवघी 93. त्यांतल्या 70 टक्क्यांना सार्वजनिक स्वच्छतागृहात अडवणूक, शिवीगाळ किंवा मारहाण यांपैकी काहीतरी सोसावे लागले होते, आणि 54 टक्क्यांना लघवी रोखून धरण्यापायी शरीराचे काही ना काही दुखणे जडले होते. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, मूत्रपिंडाचे विकार अशी ती यादी आहे. हा अनुभव आपल्याकडचा नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलून आणू नयेत. पण ज्या मुलखात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, तिथे दिवसभर पाणी न पिता राहणे म्हणजे काय, हे मोजायला वेगळे यंत्र लागत नाही.

हा अभ्यास बिदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांतून सुरू करावा असे मला वाटते, त्याला कारण आहे. मराठी माणूस या भागात बहुधा गाणगापूरच्या दत्ताच्या निमित्ताने येतो आणि स्टँडवर उतरला की कन्नड पाट्यांपुढे क्षणभर गोंधळतो. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी बाजूला गेले, भालकी, औराद, बसवकल्याण कानडी राज्यात राहिले. पाटी कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हा प्रश्न इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. तरीही सीमेवरच्या भाषिकाची आणि दारावरच्या पारलिंगी माणसाची तुलना फार ताणू नये. दोन भाषा येणाऱ्याचे दोन्हीकडे निभते. दोन दारांपुढे उभ्या असलेल्याला दोन्हीकडून हाकलले जाऊ शकते.

एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. 11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजना सुरू झाली. साध्या सरकारी बसमधून राज्यातल्या स्त्रियांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, आणि या सवलतीत पारलिंगी व्यक्तींचाही समावेश आहे. म्हणजे बिदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीला निघालेल्या पारलिंगी प्रवाशाला कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट देतो. शे-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता आणि तासन् तासांचा प्रवास संपवून तीच व्यक्ती स्टँडवर उतरते. बसमध्ये सरकारने तिला स्त्रियांच्या यादीत घेतले होते. स्टँडवरच्या ‘महिळेयरु’ पाटीखाली पैसे घ्यायला बसलेल्या माणसापर्यंत ती यादी पोचलेली असेलच असे नाही. एकाच आवारातली ही दोन उत्तरे समोरासमोर मांडणे, हे या अभ्यासाचे पहिले काम.

दारावरच्या पाटीकडे नीट पाहा. अक्षर न येणाऱ्यांसाठी तिथे चित्र असते. एकीकडे पदर आणि कुंकू, दुसरीकडे मिशा किंवा फेटा. या चित्रात शरीर कुठेच नाही, आहेत ते कपडे. आत कडी लावल्यावर कोणाचे शरीर कसे आहे हे कोणालाच दिसत नाही. तपासणी होते ती दाराशी, रांगेत, हात धुण्याच्या नळापाशी, आणि ती होते पेहरावाची, चालण्याची, आवाजाची. म्हणून अभ्यासकाने नजर दाराच्या आत न नेता उंबरठ्यावर ठेवावी, असे मी सुचवतो.

पेहरावाच्या या तपासणीला इथे जुना इतिहास आहे. 1919 साली, म्हणजे फसली 1329 मध्ये, निजामाच्या हैदराबादेत हिजड्यांविषयीचा कायदा झाला. त्यात संशयितांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यात बायकी कपड्यांत किंवा दागिन्यांत दिसली, नाचगाणे करताना आढळली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मुळात ही कल्पना ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातली. बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. तेलंगणात हा कायदा 2023 च्या जुलैपर्यंत पुस्तकात राहिला, मग तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. इकडे कर्नाटकाच्या पोलीस कायद्यात 2011 मध्ये घातलेले 36अ हे कलमही त्याच वळणाचे होते, पुढे त्यातला आक्षेपार्ह शब्द गाळावा लागला. कायदे गेले किंवा बदलले, पण ‘हे कपडे घालून तू इथे कशी?’ ही नजर अजून पहाऱ्यावर आहे.

याच मातीत दुसरी परंपराही आहे. आजच्या यादगीर आणि पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या मुदनूरचा विणकर देवर दासिमय्या. आत वावरणाऱ्या आत्म्याला स्त्री-पुरुष हा भेद नाही, असे त्याने आपल्या वचनात म्हटले. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगप्पांना तर साडी विधिपूर्वक मिळते. पद्मश्री मंजम्मा जोगती यांच्या जीवनकथेचे नाव ‘नडुवे सुळिव हेण्णु’, मध्ये वावरणारी स्त्री, हे त्या वचनाचीच आठवण करून देते. तरीही नव्या अभ्यासकाने इथे भारावून जाऊ नये. देवळाच्या अंगणात पायाला हात लावणारे लोक स्टँडच्या संडासापाशी तसेच वागतात का, हे पाहावे. आत्म्याला लिंग नसेल, मूत्राशयाला मात्र वेळ असते.

खेड्यातला प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. घरोघरी संडास होण्याआधी शिवारातही दोन अदृश्य दारे होतीच. बायका पहाटेच्या अंधारात घोळक्याने एका बाजूला जात, पुरुष दुसऱ्या बाजूला. कुठल्या घोळक्यात जायचे हे ज्याला ठरवता येत नसे, त्याने कुठली वेळ धरली असेल? आपल्या मौखिक इतिहासाने हे अजून पुरेसे विचारलेले नाही. तसेच ट्रान्स पुरुषांचे, म्हणजे जन्मताना मुलगी ठरवले गेलेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांचे. त्यांच्याविषयी फार थोडे बोलले जाते. उघड्या मुतारीत भिंतीकडे तोंड करून उभे राहता येत नाही, आडोशाच्या एकुलत्या संडासाला बहुधा कडी नसते, आणि पाळीचे कापड टाकायला पुरुषांच्या बाजूला टोपली कोण ठेवणार?

आता कायद्याकडे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आहेत. ही तरतूद मुलींसाठी फार मोलाची, पण तिला दोनच दारे ठाऊक आहेत. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 15 एप्रिल 2014 च्या ‘नाल्सा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांचा आदेश दिला. स्वच्छतेविषयीच्या 2017 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी वेगळी वाट धरली: सार्वजनिक शौचालयात त्यांना आपल्या पसंतीच्या बाजूला जाऊ द्यावे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाच्या 2019 च्या कायद्याखालील 2020 च्या नियमांनी आस्थापनांतल्या स्वच्छतागृहांसाठी सरकारांना दोन वर्षांची मुदत घातली. 15 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या न्यायालयांत पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि पारलिंगी अशा सर्वांसाठी स्वच्छतागृहे करायला सांगितले. अभ्यासाला सुरुवात कुठून करावी असे विद्यार्थी विचारतात. भालकीच्या कोर्टाच्या आवारात जा, उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठात जा, आणि हा आदेश विटांत उतरला आहे का ते पाहा.

‘वेगळे दार’ आणि ‘पसंतीचे दार’ या दोन कल्पना एकमेकींना पूरक वाटतात, पण त्यांत खरा तंटा आहे. वेगळ्या दारात निर्धास्तपणा मिळू शकतो, पण त्यात शिरणारे प्रत्येक जण सगळ्या स्टँडला आपली ओळख सांगून आत जाते. शाळेतल्या मुलाला ते परवडेल का? तिसरी सूचना अशी की ओळीने स्वतंत्र, पक्क्या कडीचे संडास असावेत आणि दारावर कोणाचेच चित्र नसावे. शाळांतल्या पारलिंगी मुलांविषयी एनसीईआरटीने 2021 मध्ये प्रशिक्षणपुस्तिका काढली, तेव्हा आलेल्या आक्षेपांत या लिंगनिरपेक्ष सोयींवरचा आक्षेपही होता, आणि पुस्तिका काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरली. विरोध करणाऱ्या सगळ्यांना दुष्ट ठरवून हा वाद सुटणार नाही. ज्या बायकांना बंद दाराचा संडास कालपरवा मिळाला, त्यांना तो पुन्हा हातचा जाईल अशी धास्ती वाटते. ती धास्ती ऐकून घ्यावी, आणि मग विचारावे की तिचे कारण पारलिंगी माणूस आहे की मोडकी कडी, बंद दिवा आणि बाहेर घोळका करून उभे असलेले पुरुष.

शेवटी विचारण्याच्या रीतीबद्दल. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात देशभरातून 4,87,803 माणसे नोंदली गेली, कर्नाटकातून 20,266. देशभरातल्या या माणसांची साक्षरता 56 टक्के, तर एकूण देशाची सुमारे 73. शाळेच्या व्हरांड्यात थबकलेली किती मुले या फरकात हरवली, हे आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावे लागेल, आणि इथे आपली मराठीच अडवते. ‘आज पाणी कधी प्यायलास’ म्हणायचे की ‘प्यायलीस’? क्रियापदालाही दोन दारे आहेत. शेजारच्या कन्नडमध्ये ‘नानु होदे’ म्हणताना बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. आपल्याकडे मात्र ‘मी गेलो’ की ‘गेले’ हे तोंड उघडताच ठरवावे लागते. तिसरे नपुंसकलिंग आहे, पण ते माणसाला लावले की शिवी होते. वाट एकच आणि ती जुनी आहे. ‘तुम्ही पाणी कधी प्यायलात?’ असे आदराने विचारले की क्रियापदातला भेद गळून पडतो. या क्षेत्रात येणाऱ्याने एवढे एक रूप बरोबर ठेवले तरी पहिली मुलाखत नीट होईल.

मुलांना मात्र आपण ‘तुम्ही’ म्हणत नाही. त्यांच्यापाशी करंगळीच आहे. ती वर झाली की गुरुजी एवढेच म्हणतात, ‘जा’. कुठे जायचे, याचे उत्तर त्या मुलाला देता यावे, इतक्यासाठी हा अभ्यास आहे. तुमचे स्वागत असो.