शंभर रुपयांचं घर आणि त्याखालची जमीन

पाहुण्यांना सेवाग्राम दाखवायची पाळी वर्ध्यात राहणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी येते. मागच्या हिवाळ्यात मामू आले, तेव्हा अब्बाही सोबत निघाले. अब्बांनी आयुष्यभर गवंडीकाम केलं. आम्ही आदि निवासातले फलक वाचत होतो आणि ते भिंतीवरून हात फिरवत होते. "मिट्टी अच्छी गूंथी है," म्हणाले. हे घर शंभर रुपयांत बांधायचं ठरलं होतं, असं मी सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "और जगह किसकी थी?"

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात नोंदलेलं आहे. जागा जमनालाल बजाजांची होती. तेव्हाच्या शेगावची बरीचशी जमीन त्यांच्या मालकीची, म्हणजे ते गावचे मालगुजार. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात आले. त्याआधी जमनालालजींना त्यांनी कळवलं होतं की झोपडीचा खर्च शक्य तितका कमी असावा, कोणत्याही परिस्थितीत शंभर रुपयांच्या वर जाऊ नये. माती, बांबू, शिंदीची पानं, कवेलू, सगळं आसपासचं; मजूरही गावातलेच. देखरेख मीराबेनची. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो तीही मुळात मीराबेनसाठी बांधलेली. खर्च काही शंभरात बसला नाही, पण मर्यादा घालून घर बांधायचं ही कल्पना मागे उरली. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा म्हणून १९४० साली गावाचं नाव सेवाग्राम झालं.

त्या काळात वर्ध्यानं किती बेघरांना आसरा दिला, हेही आठवावं. १९३४ साली तुरुंगातून सुटलेले खान अब्दुल गफार खान आणि त्यांचे भाऊ डॉ. खानसाहेब जमनालालजींकडेच उतरले होते, कारण त्यांना स्वतःच्याच सरहद्द प्रांतात पाय ठेवायला बंदी होती. त्याच वर्षी डिसेंबरात बादशहा खानांना पुन्हा अटक झाली, तीही वर्ध्यातूनच.

स्वस्त घराचा विचार गांधीजींनंतरही इथे चालू राहिला. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र काढलं. कुंभारानं चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक बसवून कमान करायची आणि तेच छत; लाकूड नको, लोखंड नको, अशी रीत तिथे विकसित झाली. अब्बांना मी हे समजावलं तेव्हा त्यांना तंत्र पटलं. पण गिऱ्हाईक स्लॅबच मागतं, हेही त्यांनी सांगून टाकलं. मातीच्या घराला मुलगी द्यायला लोक कचरतात. दरवर्षी लिपाई कोण करणार, हा प्रश्न वेगळाच, आणि तो बायकांच्याच वाट्याला येतो.

म्हणजे भिंत आणि छत स्वस्त करायचे प्रयोग या जिल्ह्यात भरपूर झाले. अडलं ते जमिनीपाशी. वर्धा शहरच मुळी १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून वसवलेलं. शहरातली बरीच जागा नझूल, म्हणजे सरकारची, पट्ट्यावर दिलेली. खेड्यात गावठाण मालगुजाराचं. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि जमिनीचा हक्क सरकारकडे आला. पुढच्याच वर्षी विनोबांनी पोचमपल्लीत भूदान सुरू केलं. त्यांचा पवनारचा आश्रम आमच्या शहराला लागूनच. पण भूदानाची दृष्टी कसणाऱ्याच्या शेतावर होती, शहरातल्या भाडेकरूच्या खोलीवर नव्हती.

२०१५ साली प्रधानमंत्री आवास योजना आली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळतात. चटई क्षेत्र तेव्हा तीस चौरस मीटरपर्यंत होतं. रक्कम वाईट नाही. पण 'स्वतःची जागा' या दोन शब्दांत निम्मी वस्ती गळते. आखीव पत्रिकेवर नाव हवं. कर्जाच्या व्याजावर सवलत देणाराही एक घटक होता. पण व्याज टाळणारी आपली कितीतरी घरं त्या वाटेला गेलीच नाहीत आणि ज्यांची तयारी होती त्यांच्या हाती पगाराची चिठ्ठी नव्हती. २०१९ साली शासनानं नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल जमिनी मालकी हक्कानं करून घ्यायची वाट मोकळी केली. पण त्यासाठी पट्टा आधी तुमच्या नावावर पाहिजे.

इथे थोडं आपल्याच समाजाबद्दल बोलतो, राग मानू नका. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी घरं अजून दादांच्या, परदादांच्या नावावर आहेत. इंतकाल होतो, चाळिसावा होतो, पण वारसनोंद होत नाही. कारण नोंद करायची तर बहिणींची नावं येतात. मुलीचा हिस्सा कुरआनात ठरवून दिलेला आहे, हे मिंबरवरून ऐकताना आम्ही माना डोलावतो आणि घरी आलो की "आपा को क्या चाहिए, वो तो अपने घर में है" म्हणतो. मग दोन पिढ्यांनी घरकुलाचा अर्ज भरायची वेळ येते तेव्हा चार भाऊ, तीन फुफ्या आणि त्यांची मुलं, एवढ्यांच्या सह्या लागतात. कुणी नागपुरात, कुणी भिवंडीत. एखादी सही मिळत नाही आणि अर्ज तसाच पडून राहतो. ज्या बहिणीचं नाव लपवलं, तिच्याच सहीवाचून भावाचं छत अडतं.

आमचंही असंच आहे. घर दादांच्या नावावर, टिनाचं छत, पावसाळ्यात एका कोपऱ्यात टोपलं ठेवावं लागतं. दुसऱ्यांची शेकडो घरं बांधणाऱ्या माणसाचं हे घर. सेवाग्रामहून परतताना रिक्षात अब्बा बराच वेळ गप्प होते. पुलाजवळ आल्यावर म्हणाले, हिंगणघाटला फुफीला फोन लाव. फुफीनं सगळं ऐकून घेतलं. आधारची झेरॉक्स किती लागतील, एवढंच तिनं विचारलं. हिस्सा द्यायचा की पैशात फेडायचा, ते अजून ठरायचं आहे. पुढच्या जुम्याला ती येणार आहे.