धूळपाटी

धूळपाटी : अक्षरे व अंक गिरविण्याचे एक जुने शालेय साधन. लाकडी फळीवर बारीक धूळ, वाळू किंवा विटेची भुकटी सारखी पसरून तीवर बोटाने वा काडीने लिहीत आणि हात फिरवून लिहिलेले मोडून टाकीत. कागद दुर्मिळ व महाग असण्याच्या काळी हे साधन जवळजवळ बिनखर्ची होते. फळी नसल्यास जमिनीवर धूळ पसरूनही काम भागे. मराठीतील ‘धुळाक्षरे’ हा शब्द या प्रघाताची साक्ष देतो. दगडी पाटी व वर्गातील फळा ही साधने घडणीने वेगळी असली, तरी लिहावे, दाखवावे आणि पुसावे हा त्यांचा धर्म धूळपाटीचाच आहे.

प्राचीन भारतात या साधनाचा संबंध बालशिक्षणापेक्षा गणिताशी अधिक होता. संस्कृत ग्रंथकार अंकगणितास ‘पाटीगणित’ किंवा ‘धूलिकर्म’ म्हणत. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचे नावच पाटीगणित असे आहे. भारतीय अंकपद्धती अरबी भाषिक प्रदेशांत गेली, तेव्हा धूळपाटीवरील आकडेमोडही तिच्याबरोबर गेली. तेथील पश्चिमेकडच्या अंकांना ‘गुबार’ म्हणजे धुळीचे अंक असे नाव पडले. दमास्कस येथे इ. स. ९५२–५३ मध्ये अल्‌-उक्लिदिसी या गणितज्ञाने भारतीय अंकगणितावर ग्रंथ लिहिला. धूळपाटीवरील रीतींत मधले अंक सतत पुसून त्या जागी नवे मांडावे लागत. त्याने या रीतींत फेरफार करून कागदावर शाईने, पुसापुशी न करता उदाहरण कसे सोडवावे ते दाखविले. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोकही धूळपाटी वापरीत, हे तिच्याविषयीच्या त्याच्या नापसंतीचे आणखी एक कारण होते. प्रतिष्ठेचा हा मुद्दा सोडला, तरी पुसण्याविषयीचा आक्षेप आजही विचारात घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत मुळाक्षरे व अंक धूळपाटीवर गिरविले जात. पावकी, निमकी, दिडकी इ. पाढे मात्र तोंडी घोकून घेत. मोठी मुले धाकट्यांना वळण दाखवीत. देशाच्या इतर भागांतील गावशाळाही बहुतांशी अशाच चालत.

अशाच एका शाळेमुळे धूळपाटी यूरोपात पोहोचली. अँड्रू बेल (१७५३–१८३२) हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथील मुलांच्या अनाथालयाचा अधीक्षक होता. एका मलबारी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या अनाथालयात सुरू करण्यास साहाय्यक शिक्षकाला सांगितले. शिक्षकाने टाळाटाळ केली. तेव्हा बेलने आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडे वर्णमालेचा वर्ग सोपविला आणि प्रयोग यशस्वी झाला. विद्यार्थ्यांकरवी विद्यार्थ्यांना शिकविण्याची ‘मद्रास पद्धती’ येथून रूढ झाली. तिची हकीकत बेलने १७९७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केली. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) याने लंडनमधील गरीब मुलांसाठी अशाच स्वरूपाची शाळा काढली. तेथे लहान मुले वाळूच्या मेजांवर, मोठी पाट्यांवर लिहीत. प्रत्येकास पुस्तक देण्याऐवजी मोठ्या अक्षरांचा एकच तक्ता भिंतीवर टांगलेला असे. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले शिकू लागली.

स्वस्ताई हे या पद्धतीचे बळ होते आणि तेच तिचे वैगुण्यही होते. पंतोजीपुढे बसलेल्या मुलाचे वळण पंतोजी स्वतः पाहू शके. लँकेस्टरच्या दालनात ते दुसरे मूल पाही. साधन तेच राहिले. नजर मात्र बदलली. मुंबईत १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे एज्युकेशन सोसायटीने बेलची पद्धती स्वीकारली. मद्रासमधील वाळूपासून सुरू झालेली रीत अशा रीतीने इंग्लंडची सुधारणा म्हणून परत आली आणि पंतोजींची शाळा मागासलेली ठरली. हा न्याय एकांगी होता, असे म्हणावे लागते.

वर्गातील मोठा फळा याच काळातील होय. एडिंबरो येथील रॉयल हायस्कूलचा रेक्टर जेम्स पिलन्स (१७७८–१८६४) भूगोल शिकविण्यासाठी फळा व रंगीत खडू वापरी. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या सैनिकी शाळेत १८०१ च्या सुमारास गणितासाठी फळा आला. फळ्यामुळे विद्यार्थ्याचे ज्ञान चारचौघांसमोर उघडे पडू लागले. येल येथे १८३० मध्ये पुस्तकातील आकृती पाहून उत्तर देण्याची मुभा जाऊन ती स्मरणाने फळ्यावर काढण्याची सक्ती झाली. विद्यार्थ्यांनी नकार दिला आणि त्यांपैकी ४३ जणांना काढून टाकण्यात आले. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुढील वर्षी सुरू झालेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेचे नाव फळ्यावरून असले, तरी दोन खोल्या व दोन शिक्षक हा तिचा गाभा होता.

फळ्याच्या वापरात अल्‌-उक्लिदिसीचा आक्षेप विसरता कामा नये. उदाहरणातील चुकलेली पायरी तत्काळ पुसून बरोबर पायरी लिहिल्यास, चूक कोठे व का झाली हे वर्गाला कळत नाही. ती काही वेळ राहू द्यावी, शेजारी दुरुस्ती मांडावी आणि वर्गाने दोन्ही पाहिल्यावरच पुसावे. शिक्षकाने लिहिताना फळा पाठीने झाकू नये. बाजूच्या खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असल्यास कडेच्या बाकांवरील मुलांना काहीच दिसत नाही, याकडेही लक्ष द्यावे. इलेक्ट्रॉनिक फळ्यावर पुसलेले परत आणता येते. हा लाभ मोठा आहे, परंतु मूल लिहीत असताना त्याच्याकडे पाहण्याचे काम शिक्षकाचेच राहते.

पाटीवरील पेन्सिलीची एक बाजू शाळेत सहसा सांगितली जात नाही. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे या पेन्सिली दगड कापून बनवीत. विजेच्या करवतींमुळे उडणारी सिलिकायुक्त धूळ श्वासावाटे जाऊन कामगारांना सिलिकोसिस हा असाध्य फुप्फुसविकार जडे आणि अनेक जण ऐन तारुण्यात दगावले. त्यांच्यासाठी कल्याणनिधी उभारण्याचा कायदा त्या राज्याने १९८२ मध्ये केला.