पहिली बेणणी विस्तवाची

भाजावळ म्हटली की कोणी खताचा विचार करतो, कोणी जंगलाच्या नासाडीचा. रत्नागिरीच्या भातशेतीत ती त्याआधी बेणणी, म्हणजे तण काढणं, होती, असं माझं मत आहे. पावसाळ्याआधी दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जागेवर शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळीच्या छाटलेल्या फांद्यांची कवळं, मग पातेरा नि गवत, वरून बारीक माती. आणि वाऱ्याच्या उलट दिशेला आग सरकेल असं पेटवायचं, म्हणजे ती भडकत नाही, धुमसत राहते. नुसती राख हवी असती तर एवढा खटाटोप कशाला? भाजायची होती ती माती. वरच्या थरातलं तणाचं बी त्या धगीत मरतं. कोवळेपणी भाताचं रोप आणि गवताचं रोप चटकन वेगळं ओळखता येत नाही. दाढीत राहिलेलं तण रोपांच्या मुठीबरोबर लावणीच्या चिखलात जातं. म्हणून भाजायची ती दाढ, सगळं शेत नव्हे.

यात मनुष्यबळाचाही हिशेब होता. १८८१च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरीत जन्मलेले लोक सव्वा लाखाच्या घरात होते. आषाढातल्या घाईत बेणायला घरी हात कमी. त्यातलं थोडं काम भाजावळीने मोकळ्या उन्हाळ्यात आणलं.

राखेतलं पालाश रोपाला मिळतं, हा आक्षेप खरा आहे. पण शेणातला बराचसा नत्र धुराबरोबर जातो. खतच हवं असतं तर शेण जाळण्यात शहाणपण नव्हतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी भाजावळीला दाद देत नाहीत, हेही खरं. पण बियांवर वाढणाऱ्या तणाचा प्रश्न तिने हलका केला. जंगलाचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे-कुलाब्याच्या रयतेचं गाऱ्हाणं राबाच्या, म्हणजे भाजावळीच्या, कवळांचंही होतं. रत्नागिरीत सरकारी जंगल थोडं, त्यामुळे तंटा कमी झाला. झाडांची छाटणी थांबली नाही.

इंग्लंडमध्ये गव्हात माजणारं बटरकप कुळातलं एक तण विसाव्या शतकात तणनाशकं आणि बियाणं स्वच्छ करणारी यंत्रं यांच्यापुढे जवळजवळ संपलं. कोकणात यंत्राआधी विस्तव होता. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झालं. आज तिथली शिफारस गादीवाफ्याची आणि खताची असते. भाजावळ सोडा म्हणणाऱ्याने खताबरोबर बेणणीचाही हिशेब मांडावा.